तिसऱ्या मजल्याचं मशीन

माझ्या घरात एकतीस व्हॅक्यूम क्लीनर आहेत आणि घर मात्र झाडूने झाडलं जातं. हे वाक्य माझ्या बायकोचं. आल्यागेल्यासमोर ती ते इतक्या वेळा म्हणाली आहे की आता ते माझ्याच तोंडून आधी निघतं. एकतीस सवती उरावर घेऊन नांदणारी जगात मी एकटीच, असंही ती म्हणते, पण दर सहा महिन्यांनी मागच्या खोलीतल्या रॅकवरची धूळ तीच पुसते. धूळ ओढणाऱ्या यंत्रांवर धूळ बसावी, याची तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

लोक विचारतात, हा कसला छंद? मला या प्रश्नाचा राग येतो. कुणी नाणी जमवतो, कुणी तिकिटं जमवतो, त्याला कुणी असं विचारत नाही. त्याच्या वह्या कौतुकाने चाळतात. नाणं काही करत नाही, नुसतं पडून असतं. माझं यंत्र पन्नास वर्षं मुकं असतं आणि माझ्या हाताखालून गेलं की पुन्हा श्वास घेतं. पण हे समजावून सांगायला गेलं की समोरचा घड्याळ बघायला लागतो, म्हणून मी समजावणं सोडून दिलं आहे.

चौतीस वर्षं मी लिफ्टचा मेकॅनिक होतो. त्या कामात एक गोष्ट अंगात मुरते, आवाज म्हणजे बिघाड. लिफ्ट चांगली असते तेव्हा ती गप्प असते. कुठे कुरकुर ऐकू आली, कुठे टक्‌ झालं, की शोधायचं आणि मोडून काढायचं, नाहीतर उद्या त्याच आवाजाखाली माणूस सापडतो. आमचा फोरमन म्हणायचा, डोळ्यांत नको, कानांत तेल घालून काम करा, डोळे मिटले तरी चालतील. निवृत्त झालो, हात रिकामे झाले, पण कान काही निवृत्त होईनात. शेजारच्यांचा मिक्सर, समोरच्यांचा पंखा, सगळं मला ऐकू यायचं आणि मी अस्वस्थ व्हायचो. मग एक दिवस भंगारवाल्याकडे एक जुना व्हॅक्यूम दिसला, पिंपासारखा गोल, वर क्रोमची पट्टी. घरी आणला, खोलला, आणि तिथून पुढे मी कामातून गेलो.

आमच्या गावात असे पाच वेडे आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मास्तरांच्या घरी जमतो. मास्तर म्हणजे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, सत्तर यंत्रांचे मालक आणि स्वभावाने अजून वर्गातच उभे असलेले. आमच्यात एक रीत आहे. कुणाचं यंत्र नव्याने तयार झालं की ते मध्ये ठेवायचं, चालू करायचं, आणि सगळ्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचं. कुणाला त्यात घरघर, शीळ, थरथर, काही म्हणजे काही ऐकू आलं, की त्याने बोट वर करायचं. बोलायचं नाही. यंत्र बंद झाल्यावर डोळे उघडायचे आणि बोटं मोजायची. मास्तरांचं बोट वर गेलं नाही, असं माझ्या बाबतीत सात वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. बाकीच्यांच्या बाबतीत घडलं होतं. हे मी हसत सांगतो, पण ते मला खुपायचं.

आता आईचं सांगतो.

आई एकोणतीस वर्षं एका हॉटेलात साफसफाईच्या कामाला होती. तळमजला धरून चार मजली हॉटेल, वर पॅसेजमध्ये लाल गालिचे. एकेका मजल्याला एकेक बाई आणि एकेक मशीन. तिसरा मजला आईचा. हॉटेलने नवी यंत्रं घेतली त्याच वर्षी ती निवृत्त झाली, तेव्हा तिसऱ्या मजल्याचं जुनं मशीन तिलाच देऊन टाकलं. आमच्या घरात गालिचा नव्हता. ते मशीन कपाटाशेजारी जुन्या चादरीखाली उभं असायचं. माझा छंद सुरू झाल्यावर मी ते तिच्याकडे दोनदा मागितलं. "तुझ्याकडे ढीग पडलाय," ती म्हणाली, "त्यात हे नको."

दोन वर्षांपूर्वी तिच्या आठवणी गळायला लागल्या. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं, मी ते विचारून घेतलं आणि विसरलो. ती ताईकडे राहते, मशीनही तिच्याबरोबर तिकडेच गेलं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, आईसाठी पूर्ण वेळ घरी असायची. मी पुत्र म्हणून काय केलं म्हणाल, तर दर एक-दोन दिवसाआड जाऊन अर्धा तास बसत होतो आणि ताईच्या घरातले नळ, दिवे, बिजागऱ्या बघत होतो. बाकी सगळं ताईच्या अंगावर होतं.

आईचं भूत एकच होतं, कामावर जायचं. सकाळी साडेनऊ झाले की तिची घालमेल सुरू. पर्स खांद्याला अडकवायची, दाराची कडी खटखटवायची, ताईला म्हणायची, "बाई, उशीर होतोय मला, तुम्ही अडवता का?" एकदा ताई आंघोळीला गेली असताना ती खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती, घरातल्या चपलांवर. रडायची, हात झटकायची, तोंडात घास घ्यायची नाही. अशाच एका सकाळी ताईचा धीर सुटला. तिने कपाटाशेजारचं मशीन ओढून काढलं, पॅसेजमध्ये लावलं आणि चालू केलं. आणि आई पलंगावर जाऊन बसली. शांत. ताईने उशांचे अभ्रे पुढ्यात टाकले तर एकेक घडी घालू लागली. अर्ध्या तासाने जेवली.

तेव्हापासून रोज दहाला ताई मशीन लावायची. साडेअकराला बंद करायची. तेवढ्यावर आईचा दिवस निघायचा. चांगल्या दिवशी मी गेलो तर म्हणायची, "आलास? हात धू आधी." लिफ्टच्या ग्रीसचे हात धुवायला सांगायची, सत्तावीस वर्षांचा असताना सांगायची तसंच. माझ्या चौसष्टाव्या वर्षी हे ऐकायला मिळतं म्हणून मी मुद्दाम दहा-साडेदहाच्या सुमाराला जायचो.

मशीनचा आवाज मात्र मला सहन व्हायचा नाही. खाली जाडसर घरघर, म्हणजे मागचं बेअरिंग गेलेलं. वर बारीक शीळ, म्हणजे पंख्याचं एखादं पातं वाकलेलं. आणि या दोन्हींच्या थरथरीने कुठला तरी सैल पत्रा मधूनच टकटक करायचा, थांबायचा, पुन्हा करायचा. आईसमोर बसून मी हे सगळं मनात लिहून काढायचो. ताई हसायची. "तुझा चेहरा बघ," म्हणायची, "कुणी तरी तुझ्या पायावर पाय ठेवल्यासारखा."

मागच्या फाल्गुनात, की त्याच्याही आधी, एका सकाळी मशीनमधून ठिणग्या उडाल्या, जळका वास आला आणि ते बंद पडलं. ताईचा फोन आला तेव्हा मागे आईचा आवाज ऐकू येत होता. मी धावत गेलो. झाकण काढून बघितलं. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजून संपले होते, दुसरं काही नाही. बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे. ते बदलायला दहा मिनिटं लागतात आणि तसे कार्बन माझ्या घरी डबाभर होते.

"घरी नेतो आणि आणतो," मी म्हणालो.

ताईने माझं मनगट धरलं. "फक्त चालू करून दे. दुसरं काही करू नकोस. उद्या दहाला मला ते इथे हवंय."

"हो गं."

"तुझं 'हो गं' मला माहीत आहे."

मी घरी आलो. टेबलावर मशीन ठेवलं. दहा मिनिटांत कार्बन बसवले, चालू करून बघितलं, चाललं. तीच घरघर, तीच शीळ, तीच टकटक. तेव्हाच ते उचलून ताईकडे नेलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण आयुष्यात पहिल्यांदा ते मशीन माझ्या टेबलावर आलं होतं आणि माझे हात शिवशिवत होते. नुसतं बेअरिंग बघू, असं मी स्वतःला सांगितलं. बेअरिंग बघायचं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, काढावा लागतो. तो काढला की पंखा हातात येतो. आणि पंखा हातात आला, त्याचं वाकलेलं पातं डोळ्यांनी दिसलं, की ते तसंच परत बसवणं हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी काही थोर कारण देत नाही. मला ते जमलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला सांगितलं, पार्ट मिळत नाही. तिसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. खरं म्हणजे सगळे पार्ट मिळाले होते. पंखा दुसऱ्या एका मोडक्या मशीनचा तंतोतंत बसला. नवी बेअरिंगं दाबून बसवली. सैल पत्र्याला नवे रिव्हेट मारले. आतलं वायरिंग बदललं, बॉडी घासून रंगवली, क्रोमला पॉलिश केलं. आणि पहिला रविवार पाच दिवसांवर आला होता. हे मी बायकोपासूनही लपवलं, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मशीन मंगळवारी तयार झालं होतं. मी ते रविवारपर्यंत ठेवून घेतलं, मास्तरांना ऐकवायचं म्हणून. तेवढे दिवस ताई रोज सकाळी दाराला पाठ लावून उभी राहत होती आणि आई तिला बाजूला ढकलत होती.

रविवारी मशीन मध्ये ठेवलं. बाकीच्या चौघांनी डोळे मिटले. मी मिटल्यासारखे केले आणि फटीतून मास्तरांच्या हाताकडे बघत राहिलो. दोन मिनिटं तो हात गुडघ्यावर होता, तसाच राहिला. बोट हललं नाही. यंत्र बंद केलं तेव्हा मास्तर म्हणाले, "अहो, हे चालू होतं का?" आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही. मी घरी येईपर्यंत जमिनीपासून चार बोटं वरून चालत होतो. आईचं मशीन, आणि माझ्या हातून असं झालं. आई आहे म्हणून हे सुख, असंही मला वाटलं. इतका मी मूर्ख.

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना ताईच्या पॅसेजमध्ये मशीन लावलं. ताई रात्रभर जागी असल्यासारखी दिसत होती. मशीनकडे बघून ती म्हणाली, "हे कुठलं?"

"आपलंच. बघ तरी."

मी बटण दाबलं. सलग, एकसारखा, मऊ हुंकार. पंखा लावल्यावर येतो त्याहूनही कमी. मी ताईकडे बघत होतो, कौतुकाच्या आशेने, आणि ताईचा चेहरा उतरत गेला. "आवाज कुठे गेला?" ती म्हणाली.

आई दारात आली होती. पर्स खांद्याला होती. तिने चकाकत्या मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला कुणी दिसतं का ते बघितलं.

"नवीन आली वाटतं," ती म्हणाली.

"कोण गं आई?"

"नवीन बाई. तिसऱ्या मजल्यावर." तिचा आवाज अगदी साधा होता. "मला काढलं तर सांगायचं तरी."

ती आत गेली, पलंगाच्या कडेला बसली, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. ताईने अभ्रे पुढ्यात टाकले. आईने ते हळूच बाजूला सारले. "आता ते तिचं काम," ती म्हणाली. त्या दिवशी ती रडली नाही, दाराशी झगडली नाही. ऑफिसातून बोलावणं येईल आणि मग सामान घेऊन जायचं, म्हणून बसून राहिली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "इथलं आता मी कशी खाऊ?"

मला वाटलं, जे बिघडवलं ते नीट करता येतं. म्हणजे या बाबतीत, जे नीट केलं ते बिघडवता येतं. मी जुने पार्ट टाकत नाही, पण ती बेअरिंगं गंजून घट्ट झालेली होती, छिन्नीने फोडून काढावी लागली होती. वाकलेला पंखा मी भंगारच्या डब्यात टाकला होता आणि डबा शनिवारी गेला होता. मी भंगारवाल्याकडे जाऊन ढिगात दोन तास हात घातले. तो मला ओळखतो, त्याला वाटलं मला काही तरी खजिना दिसलाय. "साहेब, सांगा तरी काय शोधताय," तो म्हणाला. मोडका पंखा शोधतोय, हे मला सांगता येईना.

मग मी हाताने पातं वाकवलं. दुसऱ्या यंत्रातून गेलेलं बेअरिंग काढून यात बसवलं. रिव्हेट उडवून पत्रा सैल केला. आवाज आला, पण नुसता भेसूर आला. ताईकडे नेलं. आईने कान दिला, आणि म्हणाली, "आज आणखी दुसरीच आहे." पुन्हा घरी. बेअरिंग बदललं, पातं थोडं सरळ केलं. "ही तिसरी," आई म्हणाली. "टिकत नाहीयेत वाटतं कुणी." मी मास्तरांना सगळं सांगितलं. मी समजलो होतो ते मला झापतील. ते उठले, आणि आपल्या सत्तर यंत्रांतली सगळ्यात वाईट बेअरिंगं कागदात बांधून माझ्या घरी घेऊन आले. दोन दिवस आम्ही दोघे म्हातारे एका चांगल्या मशीनची वाट लावत बसलो होतो. बायको चहा ठेवून जायची, थट्टा करायची नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चष्मा काढला. "मूळ आवाज मी ऐकलेलाच नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही सांगा, कसा होता?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. बेअरिंग गेलेलं होतं, पातं वाकलेलं होतं, पत्रा सैल होता, हे मी सांगू शकत होतो. पण कसा होता? मी त्या मशीनसमोर कित्येक महिने बसलो होतो आणि त्यातली फक्त खोट ऐकली होती. आई जे ऐकत होती ते मी एकदाही ऐकलं नव्हतं. मोबाइलमध्ये कुणी भरून ठेवलं असेल का, म्हणून ताईला विचारलं. तिने नाही म्हटलं. रोज दहाला होणारी गोष्ट कोण भरून ठेवतं?

पाचव्यांदा मशीन घेऊन गेलो तेव्हा ताईने मला दारातच थांबवलं. आई दोन घोट दुधावर आली होती. ताईचे केस विंचरलेले नव्हते. ती ओरडली नाही. तिला ओरडायलाही त्राण नव्हतं.

"आता नको आणूस," ती म्हणाली. "तू दर वेळी तिला नव्याने कामावरून काढतोयस."

मी मशीन जिन्यातच ठेवलं. त्या जिन्याच्या पायरीवर मी किती वेळ बसलो होतो, मला सांगता येणार नाही. खालच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणालो, दम लागला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ताईला डॉक्टरांकडून औषधं आणायची होती. मला तासभर बसायला बोलावलं. मी पेन्शनच्या कामाला जाऊन तसाच आलो होतो, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. ताई गेली. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर. मला बघितलं आणि ती धडपडत उठली.

"साहेब," ती म्हणाली, "मी कधीची थांबलेय."

तिला चूक दाखवायची नाही, हे ताईने मला शिकवलं होतं. मी खुर्ची ओढून समोर बसलो. "बसा," म्हणालो. आईला अहो-जाहो करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

ती बसली. "माझं काय चुकलं, साहेब?"

"काही चुकलं नाही. तुम्हाला कुणी काढलेलं नाही."

"मग तिसऱ्या मजल्यावर दुसरं मशीन कसं?"

"तेच आहे. दुरुस्त केलंय."

"कशाला?"

"आवाज करत होतं."

आणि ती हसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. तोंडावर हात ठेवून, वरच्या माणसासमोर हसू येऊ नये तसं. "तुम्ही नवीन दिसताय, साहेब," ती म्हणाली. "करायलाच हवा ना आवाज. तळमजल्याचं मशीन शिट्टी मारतं. पहिल्या मजल्याचं खोकतं. दुसऱ्याचं नुसतं रडतं. माझं टकटक करतं. आम्हाला एकमेकींचं ओळखू येतं."

"कशासाठी?" मी विचारलं.

तिने दाराकडे बघितलं, मग आवाज खाली केला. "मी दुसऱ्याच वर्षाला होते. एका खोलीत चादर बदलत होते. मशीन बाहेर पॅसेजमध्ये चालू. त्या पाहुण्याने बाहेर जाऊन प्लग काढला. मग आत आला आणि कडी लावली." पर्सच्या पट्ट्यावरून तिचा अंगठा मागेपुढे होत होता. "दुसऱ्या मजल्यावर जी होती ना, तिने ऐकलं. म्हणजे ऐकू येईना म्हणून आली. सगळ्या खोल्यांची दारं वाजवत आली."

"वेळेवर आली?"

"आली," आई म्हणाली. एवढंच. वेळेवर, हा शब्द तिने उचलला नाही, आणि मी पुन्हा विचारला नाही. "तेव्हापासून आमचं ठरलं. मजल्यावर असेपर्यंत मशीन बंद करायचं नाही. बिछाना घालत असलो तरी बाहेर चालू ठेवायचं. वेळेआधी बंद झालं की खालच्या बायकांनी वर यायचं. वीज जाळता म्हणून आधीचे साहेब चिडायचे. मशीन दुरुस्तीला टाका म्हणायचे. आम्ही टाकू द्यायचो नाही. दुरुस्त होऊन आलं की सगळी एकसारखी. मग कोण गप्प झालं ते कळायचं कसं?"

चौतीस वर्षं मी आवाज मोडून काढत आलो. गप्प म्हणजे ठीक, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवलं. आणि माझी आई जवळजवळ तेवढीच वर्षं, माझ्या डब्यात भाजी भरून कामावर जाणारी माझी आई, रोज एका लांबलचक पॅसेजमध्ये गप्प होण्याला घाबरत होती. तिने हे आम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं तेही मला नाही, कुठल्या तरी साहेबाला.

"आता मी काय करू?" ती म्हणाली. "आवाज माझा नाही. मी गप्प झाले तर खालून कुणी येणार नाही."

"मी येईन," मी म्हणालो. "मी इथेच आहे. मी येईन वर."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुम्ही चांगले आहात, साहेब. पण तुम्हाला कसं कळणार?" मग तिला काही तरी सुचलं आणि ती पुढे झुकली. "माझं एक काम कराल? माझ्या मुलाला निरोप द्या. तो लिफ्टच्या कंपनीत आहे, मशीनमधलं त्याला सगळं कळतं. त्याला म्हणावं, आईचं मशीन कुणी तरी बिघडवलंय, येऊन बघ. तो करून देईल. लहानपणापासून हात चांगला आहे त्याचा. त्याच्या हातून काही बिघडत नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

"आजच सांगा हं."

"आजच."

"कामात असला तरी येईल तो. मी बोलावलं म्हटलं की येतो." तिने पर्स मांडीवरून उचलून शेजारी ठेवली, पदर नीट केला आणि दाराकडे तोंड करून बसली. जिन्यात पावलं वाजली की मान वर करायची, पावलं पुढे गेली की खाली घालायची. ताई परत येईपर्यंत मी तिच्या समोर बसून होतो, आणि ती माझी वाट बघत होती.